पाय जमिनीला टेकेपर्यंत

रविवार होता आणि पोलिओचे डोस होते, म्हणून दीक्षा सकाळपासून गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात बसली होती. ती गावची आशाताई. दहिवडीपासून आत, माळावर वसलेल्या खडकवाडीत कुणाचं बाळंतपण असो की कुणाचा ताप, पहिला निरोप तिच्याकडंच यायचा. उन्हं कलायच्या सुमाराला असाच एक निरोप आला. ओढ्याच्या मोरीजवळ बनुबाई पडलीया, उठता येईना.

दीक्षा पळतच गेली. म्हातारी बनुबाई रस्त्याच्या कडेला धुळीत बसली होती. उजवा पाय घोट्यापाशी भलतीकडंच वळला होता. तिची शेरडं बाभळींमध्ये पांगली होती आणि ती पायाकडं न बघता त्यांनाच हाका मारत होती.

"काय झालं, आज्जी?"

"गाडीनं उडीवलं. लाल गाडी. बायका चालवत्यात तसली. तोंडाला वढणी गुंडाळल्याली हुती." बनुबाईनं दात आवळले. "ती बी पडली. उठली, गाडी उभी केली, माझ्याकडं वळून बघितलं. मला वाटलं, येतीया आता हात द्याला. तर गेली की निघून!"

गावात लाल स्कुटी दोनच होत्या. एक ग्रामसेवकाच्या बायकोची, आणि ती बाई सणाला माहेरी गेली होती. दुसरी दीक्षाची. सकाळी घराजवळच काम असल्यानं ती स्कुटी दारात ठेवूनच आली होती.

तिनं अँब्युलन्स बोलावली, बनुबाईबरोबर दहिवडीला गेली. हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून डॉक्टरांनी बजावलं, दीड-दोन महिने पाय जमिनीला टेकवायचा नाही. बनुबाईला घरी आणून खाटेवर निजवलं, शेजारणीला तिच्या जेवणाचं आणि शेरडं बांधायचं सांगितलं आणि मगच दीक्षा घराकडं वळली.

स्कुटी दारात जागच्या जागी होती. डाव्या बाजूचा आरसा नव्हता आणि ब्रेकची दांडी वाकली होती.

सृष्टी आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली होती. तेरा वर्षांची, आठवीतली पोर. एवढ्या उकाड्यात तिनं पूर्ण बाह्यांचा स्वेटर घातला होता. दीक्षा तिच्याजवळ बसली.

"स्वेटर काढ."

सृष्टी हलली नाही. दीक्षानंच हळूच तिची बाही वर सरकवली. कोपर पार सोलवटलं होतं, जखमेत खडे तसेच होते. दीक्षानं पिशवीतून औषध काढलं, जखम धुतली, एकेक खडा वेचून काढला, पट्टी बांधली.

"आता बोल," ती म्हणाली.

सृष्टी बोलायला लागली आणि मग थांबेचना. आज दहिवडीच्या शाळेत लालासाहेब सरांनी खो-खोच्या मुलींना बोलावलं होतं. सांगलीला विभागीय संघाची निवड चाचणी होणार होती, तिथं कोण जायचं ते ठरणार होतं. सृष्टी वर्गात सगळ्यांत चपळ. पण गणितात नापास झाल्यापासून पप्पांनी खेळ बंद केला होता. बूट माळ्यावर टाकले होते. म्हणून ती अनवाणीच स्कुटी घेऊन निघाली. मोरीजवळ शेरडं एकदम आडवी आली, तिनं गाडी वळवली, आणि शेरडांच्या मागं आज्जी होती.

"थांबलीस का न्हाईस?"

"थांबले व्हते. आज्जी हलत व्हती. मला वाटलं, उठंल." सृष्टीनं तोंड गुडघ्यांत खुपसलं. "पप्पा मारतील वाटलं, आई. दुसरं काय डोक्यातच आलं न्हाई."

पोर घाबरली होती, हे दीक्षाला कळत होतं. पण रस्त्याच्या कडेला पाय मोडून पडलेली बनुबाईही तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. एकीचं कळलं म्हणून दुसरीचं पुसता येत नव्हतं.

रात्री राजरत्न घरी आला. सतरा वर्षं फौजेत काढून तो मागच्या वर्षी परतला होता आणि आता दहिवडीत एका गोदामावर सुरक्षारक्षक होता. सुट्टीवर यायचा तेव्हा तो लाडका पप्पा होता. कायमचा आल्यावर त्यानं घराची शिस्त हातात घेतली. पहाटे उठायचं, पांघरुणाच्या कडेला कड लावून घडी घालायची, उलटं बोलायचं नाही. इतकी वर्षं आईच्या एकटीच्या हाताखाली वाढलेल्या पोरीला हा माणूस कसा समजून घ्यावा तेच कळत नव्हतं. त्यालाही मुलगी कळत नव्हती, पण ते कबूल करायची त्याला सवय नव्हती.

दीक्षानं झालं ते सगळं सांगितलं. राजरत्न उठला. त्याचा हात कमरेच्या पट्ट्याकडं गेला तशी दीक्षा खोलीच्या दारात उभी राहिली.

"सरक."

"न्हाई सरकणार."

"एका माणसाला उडवून पळून आली ती! लाड करायचेत व्हय तिचं?"

"तुमच्या माराच्या भ्यानंच पळाली. आज मारलंसा तर पुढच्या टायमाला आणखी लांब पळंल."

राजरत्न मागं सरून खुर्चीत बसला, कपाळ चोळलं, आणि वेगळ्याच आवाजात म्हणाला, "कुणी बघितलंय का?"

"न्हाई."

"मग गप ऱ्हा. वय तेरा, लायसन न्हाई, गाडी तुझ्या नावावर. केस झाली तर तुझं काम जाईल. आपण म्हातारीचं औषधपाणी बघू, गपचिप. आरसा मी उद्या साताऱ्यात बसवून आणतो."

दीक्षाला आश्चर्य वाटलं. मघाशी पट्ट्याला हात घालणारा हा माणूस आता पोरीला पाठीशी घालायला निघाला होता. दोन्ही प्रेमापोटीच होतं, हेही तिला दिसत होतं.

"मारायचं बी न्हाई आन लपवायचं बी न्हाई," ती म्हणाली. "सकाळी तिघं बी बनुबाईकडं जायाचं. बोलायचं तिनं. आपण निस्तं शेजारी हुबं ऱ्हायाचं."

"आन म्हातारी पोलिसात गेली तर?"

"तर जाईल. तो तिचा हक्क हाय. माझं काम गेलं तर मी दुसरं बघीन."

आत सृष्टी सगळं ऐकत होती. आई वाचवेल असं तिला मघापासून वाटत होतं. आता तिला कळलं, की आई हटणार नाही.

सकाळी बनुबाई खाटेवर उशीला टेकून बसली होती. सृष्टी समोर उभी राहिली. तिचे ओठ नुसतेच हलले. राजरत्ननं तिच्या वतीनं बोलायला तोंड उघडलं, पण दीक्षानं त्याच्या मनगटाला हात लावला. तो थांबला.

"आज्जी, मी व्हते," सृष्टी शेवटी म्हणाली. "गाडीवर मीच व्हते. तुमाला बघून बी गेले. माफ करा."

बनुबाईनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. तिच्या नजरेत कुणालाही दया दिसली नाही.

"माफी घेऊन मी काय करू?" ती म्हणाली. "माझी सात शेरडं कालपासनं दावणीला हायत. ती माफी खात्यात व्हय?"

तिनं उशीखालून नंबर लिहिलेला कागद काढला.

"माझा ल्योक सयाजी हाय तिकडं मुंबईत. त्याला म्या कालच कळीवलंय, कुणीतरी उडीवलं म्हणून. त्येला फोन लाव. तूच सांग कोण ते."

सृष्टीनं आईकडं बघितलं. दीक्षानं नंबर लावला आणि फोन तिच्याच हातात दिला. पलीकडून सयाजी इतका मोठ्यानं ओरडायला लागला, की त्याचा शब्द न् शब्द खोलीत ऐकू येत होता. सृष्टीच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण तिनं फोन कानाला धरून ठेवला. तो घ्यायला दीक्षाचे हात शिवशिवत होते. तिनं ते पदरात गुंडाळून ठेवले. सयाजीचा आवाज खाली आल्यावर सृष्टी म्हणाली, "दादा, शेरडं मी बघते. आज्जीचा पाय बरा हुईपर्यंत."

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"तोंडानं बोलणं सोपं हाय," बनुबाई म्हणाली. "सकाळचं श्यान काढायचं, पाणी दावायचं, शाळा सुटली की माळाला न्यायाची. सुट्टी असंल तवा दीसभर. जमंल?"

"जमंल."

"पोलिसाचं काय करायचं ते मी मागनं बघीन. आधी ती काळी शेळी सोड, वरडून वरडून घसा बसला तिचा."

पहिल्या आठवड्यात सृष्टीनं इमानानं काम केलं. दुसऱ्या आठवड्यात ते अंगावर यायला लागलं. कपड्यांना वास यायचा. गावातल्या पोरी शाळेच्या जीपमध्ये तिच्याकडं बघून 'मेंऽऽ' करायच्या. एका संध्याकाळी ती लवकर घरी आली आणि डोकं दुखतंय म्हणून आडवी झाली. दीक्षानं कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं.

"शेरडं बांधलीस?"

"आज बनुआज्जीनं नको म्हणून सांगितलं."

"बरं. चल, आपण तिलाच इचारू."

सृष्टी ताडकन उठून बसली. "तू माझी आई हायस का तिची कोण हायस? सगळ्या पोरी हसत्यात मला. चूक झाली म्हटलं की! अजून किती दिवस?"

पोरीचा चेहरा रडवेला झाला होता आणि तिला जवळ घ्यावं, राहू दे म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. "आज्जीचा पाय जमिनीला टेकेपर्यंत," ती म्हणाली. "दमली असलीस तर मी बरोबर येती. पण तुझ्या ऐवजी न्हाई येणार."

दोघी अर्ध्या वाटेपर्यंत एकमेकींशी बोलल्या नाहीत. शेरडं परत आणताना मात्र सृष्टी आपणहून शाळेतलं सांगायला लागली. दीक्षा नुसती ऐकत चालली. पोर आत्ताशी कुठं मोकळी होतीय, हे तिच्या ध्यानात आलं. सृष्टी गणितात नापास का झाली, तेही तिला त्या माळावरच कळलं. गावातल्या शाळेत सगळं मराठीत होतं. दहिवडीच्या शाळेत गणित इंग्रजीतून शिकवत. अर्धे शब्दच कळत नव्हते, मग गणित कुठून सुटणार? आणि विचारलं तर हसतील, म्हणून ती गप्प राहिली.

"पप्पांना सांगितलं न्हाईस?"

"पप्पांना सांगायचं नसतं. पप्पांचं ऐकायचं असतं."

हे वाक्य दीक्षानं जसंच्या तसं राजरत्नला सांगितलं. तो जेवत होता. घास हातातच राहिला.

"फौजेत हुकूम म्हंजे हुकूम," तो म्हणाला, पण त्याच्या बोलण्यात जोर नव्हता.

"तुमीच सांगत हुता, पलटणीत म्हयन्याला दरबार भरायचा. साध्यातला साधा जवान उठून सायबाफुडं गाऱ्हाणं मांडायचा. मग आपल्या पोरीनं कुठं मांडायचं?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो शिडी लावून माळ्यावर चढला आणि बूट खाली काढून, झटकून, सृष्टीच्या दप्तराजवळ ठेवले. मग तिच्यासमोर खाली मांडी घालून बसला.

"गणिताचं मला आधी इचारायला पायजे हुतं. नापास का झालीस ते न इचारता मी खेळ बंद केला. ते चुकलं." त्यानं बूट तिच्याकडं सरकवले. "खेळ चालू. पण शेरडांचं काम बंद न्हाई. ती वेगळी गोष्ट हाय."

"व्हय," सृष्टी म्हणाली. त्यानं एवढं बोलल्यावर तिला त्याच्याकडं बघायला का कोण जाणे, लाज वाटली.

त्यानं तिच्यासाठी शेजारच्या गावातल्या एका निवृत्त शिक्षकांकडं गणिताचा तास ठरवला. लालासाहेब सरांनी तिला पुन्हा मैदानात घेतलं आणि दोन-तीन आठवड्यांत तिचं नावही सांगलीला जाणाऱ्या मुलींमध्ये घातलं. चाचणी शनिवारी होती, पहाटे निघून रात्री परत यायचं.

"मी बनुबाईशी बोलतो," राजरत्न उत्साहानं म्हणाला. "एक दिवसाचं काय मोठंसं!"

"तिचं काम हाय, तिनंच बोलायचं," दीक्षा म्हणाली.

सृष्टी गेली आणि रडत परत आली. बनुबाईनं साफ नकार दिला होता. काळी शेळी गाभण होती, आज-उद्या विणार होती. अशा वेळी जनावराजवळ माणूस पाहिजे आणि बनुबाईला खाटेवरून उठता येत नव्हतं.

"मी न्हाई जात सांगलीला," सृष्टी म्हणाली.

राजरत्ननं दीक्षाकडं असं बघितलं, की आता तरी काहीतरी बोल. दीक्षाला आतून फार जड गेलं. ती एकदा बनुबाईकडं गेली असती, हात जोडले असते, तर म्हातारी ऐकली असती. किंवा दीक्षा स्वतः शेळीजवळ थांबली असती, तरी भागलं असतं.

"जाऊ नको असं मी म्हणत न्हाई," ती म्हणाली. "शेरडांची सोय लाव आन जा. कशी लावायची ते तू बघ."

सृष्टी पायरीवर जाऊन बसली. मग उठून बापासमोर आली. तो कुठला तरी हुकूम मिळणार असल्यासारखा ताठ बसला होता.

"पप्पा, शनिवारी तुमी रजा काढता का? मला बनुआज्जीकडं तुमी पायजे."

आजवर तिनं त्याच्याकडं काही मागितलं नव्हतं. त्यानं रजा काढली.

बनुबाईनं त्याला आदल्या संध्याकाळी बोलावून घेतलं आणि प्रश्न विचारून विचारून बेजार केलं. शेळी अडली तर काय करशील? विल्यावर वार किती वेळात पडती? पाणी गार पाजायचं का कोमट? सतरा वर्षं फौजेत नोकरी केलेला हवालदार हात मागं बांधून उत्तरं देत होता आणि निम्मी चुकत होता. सृष्टी मागून हळूच सांगत होती. शेवटी बनुबाई म्हणाली, "जा बाई तू. ह्येला मी बघती."

मायलेकी पहाटेच्या एसटीनं निघाल्या आणि विट्याला गाडी बदलून सांगलीला पोचल्या. माण तालुक्याच्या उघड्या माळावरून आलेल्या सृष्टीला उसाचा तो हिरवा पट्टा संपतच नाही असं वाटत होतं. मैदानावर ठिकठिकाणच्या मुली होत्या. काहींच्या अंगात सारखे टी-शर्ट, पायांत नवे बूट. सृष्टीनं नाड्या दोनदा सोडून दोनदा बांधल्या.

पाठलागात ती सुरेख खेळली. दोघींना तिनं झेप घेऊन टिपलं, तेव्हा कडेला बसलेल्या अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या. पण बचावाला उतरल्यावर खांबाजवळ वळताना तिचा पाय घसरला आणि ती लगेच बाद झाली. दुसऱ्या डावातही जवळजवळ तसंच झालं. दुपारी नावं पुकारली. सृष्टीचं नाव आलं नाही.

लालासाहेब सर जवळ आले. "धावती छान. वळण कच्चं आहे. महिनाभर मैदान सुटलं, ते दिसतंय. पुढच्या वर्षी वयोगट बदलेल, जास्त तगड्या मुली असतील. करायची तयारी आहे?"

सृष्टीनं मान हलवली. बोलली असती तर रडू फुटलं असतं.

परतीच्या गाडीत ते फुटलंच. दीक्षानं तिला कुशीत घेतलं. पुढच्या वर्षी होईल, असं काही ती म्हणाली नाही. पोरीचं दुःख खरं होतं आणि ते थोडा वेळ तसंच राहू देणं बरं, असं तिला वाटलं. तासगाव सोडल्यावर फोन वाजला. राजरत्न धापा टाकत होता.

"सृष्टी! दोन करडं! दुसरं उलटं हुतं, पाय आधी आलं. म्हातारी खाटेवरनं वरडत हुती आन मी वढत हुतो. दोन्ही जित्ती हायत!" मागून बनुबाईचं 'आरं, आधी हात धू, मग फोन कर' ऐकू आलं. सृष्टी रडता रडता हसली. मग तिनं स्वतःच सांगितलं, "पप्पा, माझं न्हाई झालं."

"कुठं कमी पडलीस?" त्यानं विचारलं. महिन्याभरापूर्वी त्यानं हे विचारलं असतं, तर तिला ते दटावणं वाटलं असतं. आता तिनं खांबाजवळचं वळण त्याला नीट समजावून सांगितलं आणि त्यानं ते मधे न बोलता ऐकून घेतलं.

त्यानंतर आणखी दोन आठवडे ती शेरडांकडं गेली. प्लास्टर काढायच्या दिवशी दीक्षा आणि ती दोघी बनुबाईला दहिवडीला घेऊन गेल्या. बनुबाईनं काठी टेकत पाय जमिनीवर ठेवला, चेहरा आंबट केला आणि दवाखान्याच्या दारापर्यंत चालली. जीपमध्ये बसल्यावर तिनं सृष्टीकडं न बघता सांगितलं, "पोलिसाचं म्या काय केलं न्हाई. करायचं बी न्हाई. आन उद्यापासनं येऊ नको. शाळंचं बघ."

सृष्टी 'बरं' म्हणाली. तिला वाईट वाटलं नाही. सुटल्यासारखं वाटलं आणि ते तिनं घरी येऊन सांगूनही टाकलं. गणितात ती सहामाहीला काठावर पास झाली. राजरत्नचा आवाज अजूनही कधीकधी चढतो, मग तो उठून अंगणात एक फेरी मारून येतो. स्कुटीची किल्ली दीक्षा आता पदराला बांधते. त्याबाबतीत घरात कुणाचं काही चालत नाही.

दिवाळीनंतरच्या एका पहाटे सृष्टी बूट घालून माळाकडं निघाली. तिनं वळणाचा सराव करायला दोन दगडी खांब ठरवून ठेवले होते. राजरत्न गळ्यात गोदामावरची शिट्टी अडकवून दारात उभा होता.

"मी येऊ का?"

तिनं क्षणभर विचार केला. "या. पण शिट्टी आणायची न्हाई."

त्यानं गळ्यातली शिट्टी काढून खिळ्याला अडकवली. दीक्षानं चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि दोघं टेकाडापलीकडं जाईपर्यंत ती खिडकीतून बघत राहिली.